डावा कोपरा

पेढ्यांच्या डब्यात आली ती,
द्राक्षांच्या पेटीतल्या पातळ कागदात गुंडाळून.
पस्तीसची फिक्स. वजन एका मोसंबीएवढं.
ऋता खैरनार म्हणाली, चार दिवस ठेव,
पटली तर तेरा हजार,
नाही पटली तरी डबा परत दे,
डबा सासूबाईंचा आहे.

मी लग्नं काढतो. म्हणजे फोटो.
आजवर झूमच्या जिवावर काढली,
मांडवाच्या खांबाआड उभा राहून
नवरीच्या डोळ्यांतलं पाणी लांबून ओढून आणलं.
हिला ओढता येत नाही.
हिला जे हवं
त्याच्याकडे आपणच चालत जायचं.

पहिल्या दिवशी तांबट आळी.
दोनवर सताड उघडून
घंगाळाच्या कडेवर फोकस धरला.
कडेला जांभळी किनार सुटली, केसाएवढी.
निजामपूरकर काकांनी हातोडी थांबवली नाही.
"फोटो, की परीक्षा?"
परीक्षा, म्हटलं.
"मग दिवेलागणीला ये. दुपारी सगळंच चकाकतं."

गेलो. एक पिवळा बल्ब, काजळलेली भिंत.
त्यांच्या बोटांवरचे जुने व्रण
पडद्यावर मोठे करून मोजता आले.
नऊ.
काका म्हणाले, अकरा आहेत,
दोन तुझ्या काचेला नाही सापडायचे.

दुसऱ्या दिवशी गोदाघाट.
दुतोंड्या मारुती, ज्याच्या अंगावर
हे शहर पुराचं पाणी मोजतं,
घोट्याला आलं, कमरेला आलं, गळ्याला आलं.
सूर्य त्याच्या खांद्याआड ठेवून
मी उलट्या उजेडात बटण दाबलं.
एक फिकट हिरवी टिकली उमटली,
आरशावर कुणी विसरून गेल्यासारखी.
एक तोंड स्वच्छ आलं.
पलीकडच्यावर विश्वास ठेवला.

तिसऱ्या दिवशी मात्र भिंत.
गंगापूर रोडला, अर्धवट बांधलेल्या सोसायटीची,
गिलावा न केलेली, विटांची सरळ ओळ.
ट्रायपॉड लावला, श्वास धरला.
डाव्या कोपऱ्यातल्या विटा
ओल्या साबणासारख्या झालेल्या.
वाटलं, गवंडीच झोपला असेल.
कॅमेरा उलटा केला, डोकं खाली पाय वर.
आता भिंतीचं दुसरं टोक विरघळलं,
पहिलं ठणठणीत.
भिंत निर्दोष सुटली.
आठपर्यंत आवळून पाहिली.
कोपरा थोडा ओशाळला, सुधारला नाही.

ऋताला फोन लावला.
पडली होती का गं?
पलीकडे कुकरची शिट्टी. मग अजून एक.
"भावाच्या हळदीत. माझ्याच हातून.
आजवर कुणाच्या लक्षात नाही आलं रे."
आणि त्या लग्नाचे फोटो?
"आहेत ना. चांगले आहेत."
गॅस बंद केल्याचा आवाज आला.
"फक्त सगळ्यांत आई डावीकडे उभी आहे."

मी दोन हजार तोडायचे ठरवले होते,
आकडा तोंडातच राहिला.
तिनंच मग अकरा म्हटलं,
कोथिंबिरीच्या जुडीचा भाव सांगावा तसं.

घेतली. कशी आहे विचारलंत तर सांगतो:
अंधारात डोळस, उन्हात थोडी लाडावलेली,
खिशात मावते, त्यामुळे पाहुणे घाबरत नाहीत,
आणि एक कोपरा कायमचा अधू.
डबा परत दिला.
रिकामा कसा द्यायचा, म्हणून चार चिकू घातले.

आता हॉलमध्ये शिरलो की आधी
नगरसेवकांचा शुभेच्छा फलक शोधतो
आणि तो बरोब्बर डाव्या कोपऱ्यात बसवतो.
तक्रार अजून तरी आलेली नाही.

पण ग्रुप फोटोला
कुणाची आई सवयीनं जाऊन
टोकाला उभी राहिली, पदर सावरत,
अर्धी खुर्चीमागे,
तर कॅमेरा खाली घेतो.
चालत जातो तिच्यापर्यंत.
मावशी, म्हणतो,
जरा मध्ये या.